धूर बघणारे जोतीराम मिस्त्री

कळस गावच्या शिवेवर जोतीराम खारतोडे यांची पत्र्याची शेड आहे. शेडला पाटी नाही. जुन्या डिझेल गाड्या बाळगणाऱ्यांना पाटीची गरजही पडत नाही. बारामतीपासून नरसिंहपूरपर्यंतची माणसं इथं एकच विचारायला येतात: इंजिन खोलायचं की नाही? जोतीराम बासष्ट वर्षांचे आहेत. साखर कारखान्याच्या वाहन विभागात त्यांनी बावीस वर्षं इंजिनं खोलली. आता न खोलता काम भागलं, तर त्या दिवशी ते खुशीत जेवतात.

जुलैतल्या एका मंगळवारी निरवांगी गावची एकोणीस वर्षांची जुनी जीप निळा धूर सोडत शेडसमोर थांबली. स्वरूपा चालवत होती, शेजारी तिचे सासरे गेणबा. स्वरूपाची उसाच्या रोपांची रोपवाटिका आहे. आडसाली लागणीचे दिवस होते, बारा हजार रोपं तयार होती आणि ती पोचवायला हीच गाडी. बारामतीतल्या एका गॅरेजनं सांगितलं होतं, रिंगा-पिस्टन गेले, पंधरा दिवस गाडी ठेवा. तेवढ्यात ट्रेमधली मुळं एकमेकांत गुंततात, रोपं लांबट होऊन पडतात आणि शेतकरी ती घेत नाहीत.

"ऑइल किती खाती?" जोतीरामांनी विचारलं.

"आठवड्याला लिटर," सासऱ्यांकडे बघत स्वरूपा म्हणाली. "दर शुक्रवारी आबा सोता बघून टाकत्यात."

"आन धूर?"

"दोन म्हैनं झालं."

जोतीरामांनी जीप शेडमधल्या सपाट कोब्यावर घेतली, बंद केली आणि ऑइल खाली उतरेपर्यंत दहा मिनिटं हात लावला नाही. मग ऑइलची पातळी दाखवणारी काडी काढली, पुसली, पुन्हा घालून बघितली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं. डिझेल मिसळूनही पातळी वाढते, म्हणून त्यांनी वास घेतला, बोटांत चोळलं, एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. ऑइल दाट होतं. डिझेल असतं तर थेंबाभोवती ओलं कडं पसरलं असतं.

"तात्या, काडी बघताना गाडी कुठं असती?" त्यांनी गेणबांना विचारलं.

"घरी. अजून कुठं?"

"घरी कुठं?"

उत्तर स्वरूपानं दिलं. "कॅनॉलच्या भरावावर. स्टार्टर धरत न्हाय, म्हणून उताराला तोंड करून लावतो. सकाळी सोडली की आपोआप चालू हुती."

जोतीराम हसले. गाडीचं तोंड खाली, म्हणजे ऑइल पुढं सरकणार. या इंजिनाची काडी मागच्या बाजूला. तिथं ऑइल कमीच दिसणार, आणि गेणबा दर शुक्रवारी भर घालणार. जास्तीचं ऑइल घुसळून हवेच्या नळीत जात होतं आणि जळत होतं. धूर त्याचाच होता. अशी गाडी कधी स्वतःच्याच ऑइलवर पळू लागते, चावी काढली तरी थांबत नाही. कारखान्यात त्यांनी एक ट्रक तसा पळताना पाहिला होता.

गेणबांना ते पटेना. "चाळीस वर्सं ट्रॅक्टर हाकतोय मी. मला काडी शिकवतो व्हय?"

"ट्रॅक्टर तुमी गोठ्याम्होरं सपाटीला लावता, तात्या. त्येचं बरूबरच हाय."

"आबा, म्हशीला बी एवढं चारत न्हाय तुमी," स्वरूपा म्हणाली.

"गप गं."

अडीच लिटर ऑइल निघालं. हवेची नळी धुऊन झाल्यावर जोतीरामांनी गाडीला धक्का द्यायला लावून इंजिन चालू केलं आणि ऑइल भरायच्या तोंडावर झाकण नुसतं उपडं ठेवलं. रिंगा संपलेल्या असत्या तर आतल्या दाबानं ते उडालं असतं. ते थरथरत जागेवर राहिलं. नळीत उरलेलं ऑइल जळेपर्यंत धूर आला, मग विरळ झाला. पूर्ण गेला नाही.

"रिंगा थोड्या झिजल्यात," जोतीराम म्हणाले. "पर ही लागण निघंल. दिवाळीनंतर दाखवा. आन स्टार्टर आजच करा, न्हायतर गाडी परत भरावावर."

स्टार्टर खोलून नवे कार्बन ब्रश बसवेपर्यंत दुपारचे दोन वाजले. गेणबा तोवर लांब बाजेवर बसून होते. मग उठून आले आणि काडीवरच्या दोन खुणा नीट दाखवायला लावल्या. स्वरूपानं पहिल्या शेतकऱ्याला फोन लावला. "पाचला रोपं घिऊन येते, गडी थांबवा."

चावी फिरवताच गाडी चालू झाली.

"शुक्रवारी काडी मी बघणार," ती म्हणाली.

"बघ की," गेणबा आत बसत म्हणाले. "पर सपाटीला."