जिनातले कारलेभाऊ

कारलेभाऊ गेल्याचं मला धरणगावच्या फलाटावर कळलं. ही दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा जर्मन म्हणून त्यांना पकडून नेणारा हवालदारच मला हाक मारून म्हणाला, "तुमचा जर्मन वारला हो, छावणीत. तापानं." लढाई संपली होती, आम्ही त्यांच्या परतण्याची वाट पाहत होतो...

खरं नाव कार्ल. कापसाच्या जिनातल्या बायांनी त्याचं कारलेभाऊ केलं. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षांनी ते सरकी काढायची यंत्रं बसवायला आले आणि इथलेच झाले. मी त्यांच्या हाताखाली इंजिन शिकलो. अहिराणी ते आमच्याइतक्याच ठसक्यात बोलत.

एका दुपारी इंजिन बंद पडलं होतं, तेव्हा त्यांनी आपली लढाई सांगितली. तरुणपणी ते लढाऊ विमान चालवत. एकदा त्यांनी इंग्रजांचं विमान पाडलं. ते शेतात उलटं पडून पेटलं. आतला पोरगा पट्ट्यात अडकून हात हलवत होता. कारलेभाऊंनी शत्रूच्या मुलखात आपलं विमान उतरवलं आणि धावत गेले. पट्टा सुटेना. हात भाजले तरी ते ओढत राहिले... शिपायांनी त्यांना तिथेच धरलं. विमान चालवणं कायमचं सुटलं. पुढची सारी लढाई कैदेत गेली.

हवालदार त्यांना न्यायला आला तेव्हा मी कळवळून म्हणालो, "भाऊ, हे साहेबाला सांगा ना! तुम्ही त्यांचाच माणूस वाचवायला उतरला होतात."

शर्टाची बटणं लावत ते म्हणाले, "पण तो बाहेर निंघना नही ना, आबा. मंग काय सांगू?"

छावणीत एकदाच भेट झाली. तारेपलीकडून हसले. "आठे बठ्ठं ठीक शे. फक्त सांजले दार लावतस." संध्याकाळी बाहेरून दार बंद होतं, एवढीच त्यांची तक्रार. त्यांची बोटं तारेवरून हलत नव्हती.

गेल्या आठवड्यात त्यांची जिनामागची खोली रिकामी करायला गेलो. नवा फिटर यायचा आहे. दार सुतळीनं बांधलेलं होतं. गाठ सोडताना दिसलं, दाराला बाहेरून कडीच नाही. ती त्यांनीच कधीतरी काढून टाकलेली, स्क्रूची भोकं तेवढी उरलेली. इतकी वर्षं त्या खोलीत जाऊन-येऊन माझं लक्ष गेलं नव्हतं.

मालकांनी नवी कडी आणून दिली आहे. बसवायला माझा हात धजत नाही...