मावशीचा मलिदा

आमच्या घरी येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच विचारायचा, "दादा कसा आहे?" फक्त खालच्या मजल्यावरची मलिदामावशी आधी माझ्याकडे बघायची. "वेणी कुणी घातली गं तुझी, वाकडी?" वेणी मीच घातलेली असायची. आई दादाला घेऊन मुंबईच्या हॉस्पिटलात, बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात. मग घालणार कोण?

दादाला लहानपणी रक्ताचा कॅन्सर झाला. मग रिमोटची गाडी त्याला, सफरचंदं त्याला, आईची कूसही त्यालाच. त्याचे केस गेले तर बाबांनीसुद्धा टक्कल केलं. माझे पुढचे दोन दात पडले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तो ओकायचा, ते मला दिसत होतं. पण ओकताना त्याच्या पाठीवरून फिरणारा आईचा हातही दिसायचा. मी अशी जळायचे की विचारू नका.

एकदा मीही पोट धरून बसले. मावशीने पोट चाचपलंसुद्धा नाही. "दुखणारच. एवढे लाड बघून कुणाच्याही पोटात दुखेल," म्हणाली आणि खिरीची वाटी पुढे सरकवली. मी दोन वाट्या खाल्ल्या.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. नवस फळला की त्यांच्यात मलिदा करतात: गोड पोहे, भरपूर खोबरं, वर फळं. मावशी नवसही फार बोलायची, त्यावरून तिचं हे नाव. दादाची केमो संपली, त्याच आठवड्यात तिने मलिदा केला. झालं, आता देवही त्याचाच! मी तोंड फुगवून बसले. मावशीने पहिली बशी माझ्या हातात दिली. "तुझ्या भावासाठी अख्खी बिल्डिंग मागत होती. मी मागितलं, या पोरीला तिची आई परत मिळू दे."

दादा आता चांगला दाढीमिशीवाला आहे. त्या औषधांनी हृदय थोडं नाजूक झालंय, म्हणून दरवर्षी तपासणी असते, एवढंच. आई मात्र त्याच्या शिंकेलाही दचकते. माझ्या साखरपुड्यात तो जरा दमलेला दिसला, तर आई सगळा वेळ त्याच्याच शेजारी. माझ्या पाठीशी काकू उभी होती.

गेल्या वर्षी मावशी लेकीकडे इस्रायलला कायमची गेली. तिला निरोप द्यायला आम्ही सगळे खाली उतरलो. आता ती तिकडच्या नातवंडांची होणार, म्हणून मी त्यांच्यावरही जळत होते. तेवढ्यात दादा खोकला आणि आई, मावशीचा हात सोडून, त्याच्यासाठी गरम पाणी आणायला वर पळाली. मावशी जिन्याकडे बघत राहिली. मग मला जवळ ओढून हळूच म्हणाली, "घाई झाली गं माझी. एवढ्यात मलिदा करायलाच नको होता."