मेहूण पेटीत आलं!

चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! आता काय सांगू, माझ्या या दोन कानांनी अमरावतीत माझी काय शोभा केली!

साठच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या एका कॉलेजात शिकवत होतो. मुंबईचे एक शास्त्रज्ञ व्याख्यानाला यायचे होते. आमचे फिजिक्सचे प्रमुख अचलपूरला लग्नाला गेलेले. म्हणून पाहुण्यांचा अकोल्याहून आलेला फोन मीच घेतला. फोन कसला? नुसती चरचर!

"इथलं व्याख्यान झालं. उद्या एस.टी.नं येतो. म्यूऑनची जोडी सोबत आणतोय!"

मी ऐकलं, मेहुणाची जोडी. म्हणजे नवराबायकोच की!

"वा! नवीन आहे का?"

"अगदी ताजी! दोघं लोखंडाच्या भिंती फोडून पळाले. तिसरा धक्का खाऊन बाजूला फेकला गेला. आणि हो, अंधारी खोली लागेल…"

लाइन तुटली.

घरी सांगितलं, तर बायको उडालीच. "पळून आलेलं मेहून? अन् अंधारी खोली काहून?"

"पोरीचा बाप मागावर असंन."

"मंग आपल्याच घरी आना. बिचारीले कोन हाय इथं?"

तिनं ओटीला हिरवं लुगडं काढलं, पुरण शिजवलं. मी खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर पाहुणे उतरले. एकटेच! काखेत चपटी पेटी.

"मेहूण कुठाय?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"कोण मेहूण? म्यूऑन! अणूहूनही बारीक कण. त्यांचा फोटो या पेटीत आहे!"

घरी दोन पाट, भोवती रांगोळी पाहून गृहस्थ हसून हसून खालीच बसले. पोटभर पुरणपोळ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "खोली तयारच आहे, तर जोडी इथेच बघा." कॉलेजातून प्रोजेक्टर मागवला.

आणि भिंतीवर ते उमटलं! एका टिंबातून निघालेल्या ठिणग्यांच्या दोन बारीक रेघा, लोखंडाचे पत्रे भेदत गेलेल्या. खाली धक्का खाल्लेल्या तिसऱ्याची, म्हणजे प्रोटॉनची, आखूड, जाड रेघ.

"यांचं आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकंही नसतं," ते हळूच म्हणाले. "आत्ताही आकाशातून आलेले म्यूऑन आपल्या तळहातातून आरपार जाताहेत."

बायकोनं त्या अंधारात तळहात उघडला. "मले तं काईच लागून नाही राहिलं."

"लागत नाही. पण जातात."

मीही हात पुढे धरला. किती तरी वेळ आम्ही तिघं आपापल्या हातांकडे बघत बसलो.

शेवटी पाहुण्यांनी विचारलं, "सर, आपण काय शिकवता?"

मी खाकरलो. पण बायकोनं कुठं थांबायचं?

"हे मराठीचे मास्तर. कोनता शब्द कसा आयकावा, थे पोराईले शिकवतेत!"