पाव किलोची वजावट

मी सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मापाडी होतो. कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन, जे येईल ते तोललं. शिक्षण चौथी. बायको माझ्याहून शिकलेली, दहावी पास, गावातल्या अंगणवाडीची सेविका. तीसेक वर्षं तिनं ते काम केलं. रिटायर झाल्यावर दोन वर्षंही घरात बसली नाही. मागच्या वर्षी गेली.

भेटायला येतात ते म्हणतात, बाई लय चांगली होती. चांगली म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. हात जोडतात, चहा पितात, जातात. मला एक गोष्ट पक्की माहीत आहे, ती लिहितो. त्यात चूक माझी आहे.

अंगणवाडी आमच्या समाजमंदिरात भरायची. सुरुवातीला गावातल्या काही घरांतली लेकरं तिथं यायची नाहीत. का, ते सांगायची गरज नाही. तिनं कुणाशी वाद घातला नाही. रोज सकाळी दारोदार जायची आणि लेकरं गोळा करून आणायची. दहा वर्षांत सगळी यायला लागली. गाणी म्हणायची, बिया मोजायला लावायची, खिचडी व्हायची. मला बाहेरून वाटायचं, हे काय काम आहे, लेकरं तर घरी पण खेळतात. तसं मी तिला बोलूनही दाखवलं होतं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

त्याशिवाय रजिस्टरं. गरोदर बायांचं वेगळं, खाऊचं वेगळं, वजनाचं वेगळं. पुढं मोबाईल आला. वजन आणि उंची मोबाईलमध्ये घातली की लेकराचा रंग दिसायचा. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे अशक्त, लाल म्हणजे दवाखाना. पोलिओ, मतदारयाद्या, ते पण तिच्याच गळ्यात. सरकार तिला नोकर म्हणायचं नाही, मानसेवी म्हणायचं. चूक झाली की नोटीस मात्र नोकराची यायची.

वजनाचा दिवस महिन्यातून एकदा. तुळईला काटा टांगलेला, त्याला झोळी, झोळीत लेकरू. नियम असा की अंगावरचं सगळं काढून वजन करायचं. बाया ऐकायच्या नाहीत. चारचौघांत लेकरू उघडं केलं की नजर लागते. करदोडा तर मुळीच सोडायचा नाही. जास्त बोललं की लेकरू कडेवर मारून घरी. एकदा मी काट्याचा हूक बसवायला गेलो होतो, तेव्हा हेच भांडण चाललं होतं.

मी म्हणालो, "कामून एवढी भांडायलीस? मोंढ्यात आमी काय पोतं उसवून माल तोलतो का? बारदानासकट तोलायचं आन् बारदान वजा करायचं. सगळ्याला सारखं."

"किती धरू?"

"पाव किलो धर."

"कमी-जास्त झालं मंग?"

"दाण्यात थोडं इकडंतिकडं होतंच की."

"हे दाणे न्हाईत," ती म्हणाली. पण हसली, आणि त्या दिवशी तसंच केलं. एक पण लेकरू परत गेलं नाही.

सुपरवायझर मॅडम खूश झाल्या. त्यांच्याकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या. सगळ्या गावांत वजनाची बोंब, आणि आमच्याकडं शंभर टक्के. त्यांनी महिन्याच्या बैठकीत बायकोला उभं केलं, बाकीच्या सेविकांना शिकवा म्हणाल्या. तिनं शिकवलं. पुढं त्यांनी तिचं नाव शिकवणाऱ्या बायांच्या यादीतच घातलं. घरी आली ती जमिनीवर पाय नव्हते. "तुमची युक्ती सगळ्या बाया करायल्यात," म्हणाली. मोंढ्यात मी चार लोकांना सांगितलं. असं तीन वर्षं चाललं.

गावात एक म्हातारी आहे. लेक आणि सून ऊसतोडीला गंगाखेडच्या बाजूला जातात. त्या साली सव्वा वर्षाची नात म्हातारीपाशी ठेवून गेले होते. म्हातारी नातीला नटवून आणायची. पायात जाड चांदीचे वाळे, कमरेला चांदीचा करदोडा, हातात कडे, अंगात दुहेरी विणीचा स्वेटर, डोक्याला कानटोपी. माघच्या थंडीत काटा सात किलो दाखवायचा. पाव वजा, पावणेसात. मोबाईलवर पिवळा. आदल्या महिन्यात पिवळा, त्याच्या आदल्या महिन्यात पिवळा.

ऊन तापायला लागलं तशी पोर एकदा नुसत्या झबल्यात आली. वजनाचा दिवस नव्हता. पण दंडाचा घेर मोजायची एक पट्टी असते, तिच्यावर पण लाल, पिवळा, हिरवा असे रंग असतात. थंडीत बायकोनं ती पट्टी स्वेटरच्या बाहीवरूनच लावली होती. आता उघड्या दंडाला लावली आणि लाल आलं.

दुपारी ती घरी आली ती उभीच राहिली. "काटा काढा तुळईचा आन् चला माझ्यासंग."

म्हातारीच्या घरी मी आढ्याला काटा टांगला. बायको म्हणाली, "मावशी, मागच्या महिन्यात पोरीच्या अंगावर जे जे होतं ते सगळं आणा."

म्हातारी पोरीला घेऊन भिंतीला टेकली. "आयबाप हितं न्हाईत तिचे. तुमच्या म्हणण्यानं मी उघडी करू, आन् काही झालं मंग? आदी एक गेलंय आमचं. तवाच हे वाळे केलेत."

"मावशी, एक डाव."

"तुमी बाई हाव, ठीक हाय. ह्यांच्यापुढं कशाला?"

"हे तोलणारे हायेत. ह्यांला काट्याबिगर काही दिसत न्हाई."

ते खोटं नव्हतं. मी तोंड फिरवून उभा राहिलो. म्हातारी वाळे उतरवायला लागली, तेवढं कडेनं दिसलं. ते घोट्यातून सहज निघाले, ओढावं लागलं नाही. आधी मी ती सगळी चांदी, स्वेटर, टोपी आणि झबलं झोळीत घातलं. काटा पाऊण किलोवर थांबला. मग नुसती पोर. सव्वासहा.

झोळीत घातलं की लेकरं घर डोक्यावर घेतात. ही रडली नाही. झोळीला हात धरून माझ्याकडं बघत राहिली, बस्स.

पाऊण आणि सव्वासहा, सात. काट्यानं मागच्या महिन्यात सातच सांगितलं होतं. काट्याची चूक नव्हती. मी पाव धरायला सांगितलं आणि बारदान निघालं पाऊण किलो.

बायको म्हातारीला म्हणाली, "मावशी, ही आपुन चांदी मोजायलो होतो इतके दिवस."

म्हातारीनं पोरीला झबलं घातलं. वाळे पदरात बांधले.

पोरीला परभणीला सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. अशा लेकरांना तिथं चौदा दिवस ठेवून घेतात. त्यासाठी चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी लाल लेकराला मिळते. ही मोबाईलवर पिवळी. म्हणजे खरं वजन घालायचं, म्हणजे अर्धा किलो एकदम कमी दाखवायचं. बायकोनं त्याच संध्याकाळी मॅडमला फोन केला. आवाज मोठा ठेवला होता, मी समोर बसलो होतो.

मॅडम म्हणाल्या, "ताई, एका महिन्यात अर्धा किलो उतरलं तर वरून लगेच विचारतील. आणि तुमच्या पद्धतीनं तोलणाऱ्या बाकीच्या अंगणवाड्यांचं काय? सगळ्यांचीच वजनं खोटी ठरतील."

"खोटीच हायेत, मॅडम."

"अहो ताई, ऐका माझं. या महिन्यात थोडं कमी दाखवा, पुढच्या महिन्यात आणखी थोडं. आपोआप लाल होईल. कुणाला काही कळणार नाही."

"तवर लेकरू ऱ्हाईल का?"

मग मॅडम म्हणाल्या, "तुमच्या जबाबदारीवर करा." त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या वरही कुणीतरी होतं.

मी तिला वाचवायला निघालो. मोंढ्यात तीस वर्षं काढलेला माणूस, मला एकच मार्ग माहीत. म्हणालो, "काटा बिघडला म्हण. मी स्क्रू फिरवून देतो, अर्धा किलो पुढं पळंल. कुणी तपासायला आलं तर दाखीव. मशीनवर कोण केस करतंय?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं.

"मोंढ्यात काय करता ते तिकडं. हितं काट्याला हात लावायचा न्हाई."

तिनं सव्वासहा घातलं. लाल झालं. दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, यष्टीत मला मळमळतंय. बायको म्हणाली, मी येते संग. तिघी गेल्या. पोर भरती झाली, म्हातारी तिथंच राहिली, बायको संध्याकाळी परत आली. येतानाच तिनं ठरवलं होतं की सगळ्या लेकरांची वजनं परत करायची, सगळं उतरवून. बाया पुन्हा भांडल्या. तिनं समाजमंदिराच्या दाराला चादर बांधली, एक आई आत, बाकीच्या बाहेर. उघडं लेकरू आई आणि ती, दोघीच बघणार. एवढं साधं होतं. तीन वर्षांत मला ते सुचलं नाही, कारण पोत्याला चादर लागत नाही.

आठ दिवसांत नोटीस आली. चुकीची वजनं भरली, खुलासा द्या. तिनं जेवणाच्या ताटाएवढ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. वजनं कपड्यांसकट घेतली, सगळ्यांना सारखी वजावट केली. ही पद्धत चूक होती. बाकीच्या सेविकांना ती मीच शिकवली. जबाबदारी माझी आहे. खाली सही.

मी दोनदा वाचलं. म्हणालो, "माझं नाव कुठंय?"

"तुमचं कशाला?"

"पाव किलो मी सांगितलं."

"तुमी अंगणवाडीत नोकरीला हाव का? रजिस्टरवर सही कुणाची?"

"तुझी."

"मंग झालं तर. मला तवाच इचारायला पायजे होतं, एका लेकराच्या अंगावरचं खरं वजन करून बगायला पायजे होतं. तुमी मापाडी, तुमी पोत्याचं सांगितलं. मला लेकराचं ट्रेनिंग दिलंतं सरकारनं."

महिन्याच्या बैठकीला मी तिला गाडीवर सोडायला गेलो होतो. दाराबाहेर चपलांपाशी थांबलो, आतलं सगळं ऐकू येत होतं. तिनं उभं राहून सांगितलं, मी शिकवलेलं चुकलं, सगळ्यांनी वजनं परत करा, आणि चादरीचं पण सांगितलं. एक गलका झाला. शेजारच्या गावची सेविका, तिच्या बरोबरीची, जुनी मैत्रीण, ती म्हणाली, "आमाला तुमीच शिकवलं आन् आता आमीच आडाणी व्हय? नोटिसा आमाला बी येतील की."

मागून कुणीतरी बोललं, "मापाड्याची बायकू. तिला लेकरू बी पोतंच दिसतंय." सगळ्या हसल्या.

बायको म्हणाली, "व्हय, दिसलं. तुमाला तर पोतं बी दिसलं न्हाई. तुमी माझं बगून लिहिलं."

मॅडमनी पुढचा विषय घेतला.

शिकवणाऱ्या बायांच्या यादीतून तिचं नाव काढलं. फाईलला शेरा बसला, तो रिटायर होईपर्यंत तसाच. गाडीवर मागं बसली तेव्हा मी म्हणालो, "लय बोलल्या तुला." ती म्हणाली, "बोलू द्या. वजनं करतील का न्हाई तेवढं बगा." रस्ताभर तेच. घरी आल्यावर पण तेच. एकीनं जरी केलं न्हाई तर काय, असं म्हणत भाकरी थापत होती.

चौदा दिवसांनी म्हातारी नातीला घेऊन आली. पोर काही गुबगुबीत झाली नव्हती. पण झोळीत घातल्यावर अशी ओरडली की शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. बायको झोळी धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हातारी म्हणाली, "बाई, आता रडतीया, आता काढू का हिला?" "ऱ्हाऊ द्या जरा," बायको म्हणाली, "रडू द्या."

त्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या मैत्रिणीचा फोन आला. हाक नाही, खुशाली नाही. "माझ्याकडं दोन निघाले लाल," एवढंच म्हणाली. बायकोनं विचारलं, चिठ्ठी दिली का? दिली. गेले का? एक गेलं, एकाची आई नाही म्हणतीय. "मी येते सकाळी," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

मग खाली बसली. दोन, म्हणाली. तीन वर्षांत किती झाले असतील, म्हणाली. मला आकडे येतात, पण तो हिशेब मला मांडता आला नाही, तिलाही नाही. सकाळी मी तिला गाडीवर त्या गावाला सोडलं. त्या आईच्या दारात ती उंबऱ्यावरच बसली आणि मला म्हणाली, तुमी जावा मोंढ्यात, मला येळ लागंल.

संध्याकाळी आणायला गेलो, तर ती बाई लेकरू कडेवर घेऊन परभणीच्या एसटीची वाट बघत उभी होती, आणि माझी बायको तिची पिशवी धरून शेजारी.