टाचणीमामांच्या घरचा पत्ता

विद्यापीठाच्या प्रवेश विभागात त्यांना सगळे टाचणीमामा म्हणत. कामच तसं. दरवर्षी प्रवेश घेतलेल्या मुलांचे अर्ज पुढ्यात घ्यायचे, पत्ता वाचायचा आणि भिंतीवरच्या नकाशात त्या जागी टाचणी टोचायची. जिथे टाचण्या दाट, तिथे पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षेचं केंद्र. जिथे नकाशा कोरा, तिथलं केंद्र बंद. सव्वीस वर्षांत एक टाचणी चुकली नाही, याचा मामांना कोण अभिमान!

मामा मूळचे डोंगरापलीकडचे. तिकडे टपाल पोचलं तर पोचलं. म्हणून तिकडचं कुणी अर्ज भरायला आलं की मामा बजावायचे, "गावाचा पत्ता घालू नकोस. माझ्या घरचा घाल. कागद गहाळ होणार नाही." आणि आलेलं प्रत्येक पत्र ते बसच्या ड्रायव्हरच्या हाती इमानेइतबारे धाडायचे. सल्ला पसरत गेला. आधी दोघं-तिघं होती, गेल्या वर्षी मामांच्या गल्लीवर एकतीस टाचण्या झाल्या.

साहेब म्हणाले, "मामा, तुमच्या गल्लीच्या पाण्यातच काहीतरी आहे."

मामाही हसले. नियम तोंडपाठ असलेल्या माणसाच्या डोक्यात उजेड पडू नये, याला काय म्हणावं!

पडला तो केंद्रांची यादी लागल्यावर. डोंगरापलीकडचं केंद्र बंद झालं होतं, आणि यंदा मामांची सख्खी भाची तिथेच परीक्षेला बसणार होती.

मामा साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, ती एकतीस पोरं तिकडचीच. पत्ता तेवढा माझा."

"आता सांगताय? यादी छापून गेली. हे म्हणजे वरातीमागून घोडं."

मामांनी बहिणीकडे फोन लावला. दाजींनी घेतला. "मी स्वतः न्यायला येतो, दाजी."

"जवळ आहे म्हणून हो म्हटलं होतं. दीड दिवसाच्या वाटेवर पोरीला धाडणार नाही, हे तेव्हाच ठरलं होतं."

मग भाची बोलली. "राहू दे मामा. मी पॅकिंगच्या कारखान्यात नाव दिलंय. सोमवारपासून जायचंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मामांना सोसला असता. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची शिसारी आली.

परीक्षेच्या आठ दिवस आधी पोस्टमन दारात आला. भाचीचं हॉलतिकीट होतं, अगदी वेळेवर आलेलं. मामांनी नेहमीसारखी सही करून ते घेतलं.