मशीन लावायची वेळ

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर मानीबाईच्या तोंडाला सगळे भ्यायचे. तीच मानीबाई श्रावण लागल्यापासून सुनेची नजर चुकवत होती.

उन्हाळ्यात तिचे गुडघे धरले. खाली बसलं की उठवेना. दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, झीज नुकतीच सुरू झालीय, घाबरू नका. त्यांनी मांडीचे व्यायाम शिकवले आणि मोबाइलएवढं एक मशीन वापरायला सांगितलं. मुलगा शाम ते घेऊन आला. गुडघ्याभोवती चिकटपट्ट्या लावायच्या आणि बटन फिरवायचं. मग कातडीखाली मुंग्या चालू लागत आणि दुखणं दबे.

पट्ट्या लावायची सून, राखी. दिवसभर शेत आणि चूल यांत ती कुणाच्या हाती लागत नसे. पण रोज संध्याकाळी मशीन सुरू असेपर्यंत ती सासूजवळ बसे, हसे, माहेरच्या गोष्टी सांगे. नवरा रामधन गेल्यापासून मानीबाईजवळ असं कुणी बसलंच नव्हतं. त्यामुळे व्यायाम आणि मशीन दोन्ही लागू पडून गुडघा हलका झाला, तेव्हा बाई गप्प राहिली. लबाड नव्हती हो ती, पण लंगडत राहिली.

तेवढ्यात तीज आली. तांड्यातल्या कुमारिका टोपलीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, फेर धरून गातात. लग्न झालं की स्वतःची टोपली संपली. राखीच्या धाकट्या बहिणीचं, पुष्पाचं लग्न ठरलं होतं. तिची ही शेवटची टोपली.

"जाऊन ये ना माहेरी," शाम म्हणाला.

"मंग याडीले मशीन कोण लावन?" सासूला ती याडीच म्हणायची, आईसारखं.

मानीबाईला म्हणायचं होतं, जा बेटा, मी बरी हाय. शब्द ओठापर्यंत आले. पण तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि कण्हली. राखी राहिली. त्या दिवसापासून बाईला अन्न गोड लागेना.

तिजेच्या शेवटच्या दिवशी पोरींना जुनं गाणं आठवेना. "मानीबाई, तुमीच म्हना!" त्यांनी गळ घातली. बाईनं सूर धरला, टाळी वाजवली, आणि कधी फेरात शिरली ते तिलाच कळलं नाही. वाकली, गिरकी घेतली, पुन्हा वाकली. समोर पाण्याची कळशी घेतलेली राखी उभी होती. बाईचा पाय जागीच थांबला. लाजेनं मान वर होईना.

राखी भांडली नाही. संध्याकाळी नेहमीसारखी मशीन घेऊन आली, पट्ट्या लावल्या.

"किती वर करू, याडी?"

मानीबाईनं तिचा हात धरला. "नोको बेटा. कवाचाच बरा हाय गुडघा. तू जवळ बसून राह्यली पाहिजे होती मले. म्हनून खोटं वागली मी."

राखीनं पट्ट्या काढल्या, वायर गुंडाळली.

"तसं सांगतलं असतं तं मशीनबिगर बी बसली असती मी," ती म्हणाली आणि आत गेली.

आतून फोनवर तिचा आवाज आला. "पुष्पा, रडू नोको ना. मी येईन ना पुढच्या तिजेले..." आणि पुढं तिला बोलवेना. पुढच्या तिजेला पुष्पा सासरी असणार होती.

मानीबाई उघड्या गुडघ्यांवर हात ठेवून बाहेर एकटीच बसून राहिली.