फुकाचा पाव

जीवराम परातीत मैदा घेऊन बसला की कुंदाचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

फैजपूरजवळच्या एका खेड्यात केळी आणि कपाशी करणाऱ्या घरातला हा माणूस. तरुणपणी मुंबईला पळाला आणि मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली लागला. इटलीतल्या एका बंदरात जहाज दुरुस्तीला अडकलं, तेव्हा धक्क्याजवळच्या एका म्हातारीच्या घरी तो फोकाच्चा शिकला. जाड, तेलात न्हालेली, वर खडेमीठ पेरलेली रोटी. वडील वारल्यावर तो बाग सांभाळायला परत आला, कुंदाशी लग्न केलं, आणि मागच्या अंगणात विटामातीची भट्टी घातली. खमीर भुसावळच्या बेकरीतून आणायचं आणि तिकडच्या तेलाच्या जागी आपलं शेंगदाण्याचं. भाजून झालं की गल्लीभर वाटायचा. फोकाच्चा कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावानं त्याला फुकाचा पाव करून टाकलं.

पण पाव झाला की दोन-चार दिवसांत जीवराम नाहीसा व्हायचा. पहिल्यांदा गेला तो लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, आला पोळ्याला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा सगळी थंडी सरली. कुठं होता ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. विहिरीवर बाया विचारत, "जीवरामभाऊ दिसत नाही?" आणि कुंदा सांगे, "यावलले गेले, मोटारीच्या कामानं."

सासूबाई यशोदाबाई, सगळ्यांच्या अक्का, त्या म्हणत, "त्याच्या पायाले भिंगरी बांधेल हाये. तू किती दिवस धरशीन?"

१९९१च्या वैशाखात एका सकाळी जीवरामनं पुन्हा परात काढली. आठवडाभर तो बागेत जाऊन पाणी न देताच परत येत होता, ताटावरून अर्धवट उठत होता. मैदा मळून त्यानं ओल्या फडक्यानं झाकला आणि "फैजपूरले जाऊन येतो" म्हणून बाहेर पडला.

दुपार कलली तरी पत्ता नाही. उन्हानं पीठ फुगून परातीबाहेर ओघळायला लागलं. कुंदानं खुंटीकडे पाहिलं. त्याची प्रवासाची पिशवी तिथं नव्हती.

"फेकून दे ते गाईपुढं," अक्का म्हणाल्या.

कुंदानं फेकलं नाही. राग आला होता, पण हात रिकामे ठेवले तर आपण रडू, हे तिला कळत होतं. तिनं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या घालून भट्टी पेटवली, पीठ पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरलं, वर तेल ओतलं आणि त्याचं पाहून पाहून ठाऊक झालं होतं तसे बोटांनी खड्डे पाडले. कड करपली, मध्ये मात्र पाव छान फुलला. तो फडक्यात बांधून तिनं भुसावळची एसटी धरली; लांबची गाडी धरायची तर तिथूनच.

भुसावळ स्टेशनात मुंबईकडच्या फलाटावर जीवराम बाकावर बसलेला दिसला. तिला पाहून उठला, परत बसला.

"भूक लागली आसीन," म्हणून तिनं गाठोडं सोडलं.

त्यानं तुकडा मोडून तोंडात घातला. "मीठ कमी हाये."

"असू द्या. मी तुमले आडवाले नाही आली," कुंदा म्हणाली. "जायाचं आसीन तं जा. पन आजपावतर दोनदा न सांगता गेले. लोकं इचारता, अन् मी खोटं बोलते. आता नाही बोलनार. सांगून जा."

जीवरामनं हाताचं तेल फडक्याला पुसलं. "एका जहाजावर मान्सं घेऊ राह्यले," तो म्हणाला. "मले घेतीन का नाही, माहीत नाही."

"मंग तसं सांगीन मी घरी."

उरलेला पाव तिनं त्याच्या पिशवीत घातला. गाडी आली, तो चढला. घरी येऊन तिनं अक्कांना आणि विहिरीवरच्या बायांना जसं होतं तसं सांगितलं. जेवण गोड लागलं असं नाही, पण कोणी विचारलं की मान खाली जात नव्हती.

आषाढात तो परतला. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला होता. ओट्यावर पिशवी ठेवायच्या आधीच त्यानं ते सांगून टाकलं.

त्याची तगमग तेवढ्यानं संपली नाही. बागेतून मध्येच उठून येणं, ताटावरून उठणं चालूच राहिलं. पण आता "भुसावळले गाड्या पाहून येतो" असं सांगून जायचा आणि संध्याकाळी यायचा. पीठ दोघं मिळून मळत.

पुढं एका हिवाळ्यात कुंदा म्हणाली, "मलेबी दाखवा ते जहाजं." तो तिला मुंबईला घेऊन गेला. बंदराच्या भिंतीवर बसून त्यानं लांब उभी जहाजं दाखवली, कोणतं कुठलं ते सांगितलं. कुंदा पाहतच राहिली. ऊन उतरलं, वारा सुटला, तरी तिचं मन भरेना. शेवटी जीवरामच उठला.

"चाल," तो म्हणाला, "गाडी चुकीन."

"बसा ना जराक," कुंदा म्हणाली.